छर्रा आणि वेग निवडताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात डोंबिवलीची एक मुलगी माझ्याकडे आली. अकरावीतली, एनसीसीतून नेमबाजीकडे वळलेली, दहा मीटरची एअर रायफल चालवणारी. पोझिशन घट्ट, ट्रिगर स्वच्छ. सलग सहा-सात शॉट १०.४, १०.५ गुणांचे पडायचे आणि मध्येच एखादा ९.७. शॉट सुटताना तिला काहीही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. तिने विचारलं, "ताई, रायफलचा वेग वाढवून घेऊ का? बाबांनी व्हिडिओ पाहिलाय. अमेरिकेत लोक घरीच काडतुसं भरतात, मोठी केस, म्हणजे काडतुसाचं नळकांडं, घेतात, आतली स्फोटक दारू वाढवतात."

हा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून आधी तो निकालात काढते. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो. घरी बसून काडतूस भरणं हा इथे छंद होऊ शकत नाही, आणि नेमबाजाला त्याची गरजही नाही. ५० मीटरला जी पॉइंट टू टू (.२२) रायफल वापरतात तिचं काडतूस पुन्हा भरण्यासारखं नसतंच. तिचा पेट घेणारा मसाला केसच्या कडेच्या घडीत असतो आणि पिनने ती कड एकदा चेपली की केस संपली. शिवाय स्पर्धेची ही गोळी मुद्दाम संथ ठेवलेली असते, सेकंदाला सुमारे ३२० ते ३३० मीटर. मुंबईच्या ३० अंशांत आवाजाचा वेग साधारण ३५० मीटर असतो. गोळी त्याच्या खालीच राहिली तर आवाजाचा वेग ओलांडताना बसणारा हेलकावा तिला बसत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्य जिंकलं, तो प्रकार याच छोट्या काडतुसाचा. मोठी केस, जास्त दारू म्हणजे जास्त अचूकता, हे समीकरण मुळातच चुकीचं आहे. कागदाला भोक पाडायला ताकद लागत नाही. प्रत्येक शॉट आधीच्या शॉटसारखाच सुटावा लागतो.

दहा मीटरच्या एअर रायफलला हे आणखी काटेकोरपणे लागू होतं. इथे दाबलेल्या हवेने शिशाचा छोटा छर्रा सुटतो. म्हणजे केसच्या जागी छर्‍याचा आकार आणि दारूच्या जागी हवेचा दाब.

डबीवरचा आकडा पाहून किंवा नाव पाहून छर्रा घेणं

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. रायफल ४.५ मिमीची, म्हणून छर्राही ४.५० चाच घ्यायचा असं पालकांना वाटतं. प्रत्यक्षात छर्‍याच्या डोक्याचे आकार ४.४८ पासून ४.५२ पर्यंत मिळतात आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने ग्रुप, म्हणजे शॉटच्या भोकांचा पुंजका, बदलतो. डोकं बॅरलच्या, म्हणजे नळीच्या, आतल्या खाचांवरून सरकतं आणि मागची पातळ झालर, म्हणजे स्कर्ट, हवेच्या धक्क्याने फुगून बॅरल बंद करते. या दोन्ही गोष्टी कुठल्या आकाराला नीट जमतील हे त्या एका बॅरलवर अवलंबून असतं. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींना वेगवेगळे छर्रे मानवलेले मी पाहिलेत. म्हणून अमुक चॅम्पियन काय वापरते हे विचारू नका. तिचं बॅरल तुमच्याकडे नाही.

अंगठ्याने आत ढकलताना जो छर्रा घट्ट जातो तोच चांगला, अशी समजूत रेंजवर फार पसरलेली आहे. त्या स्पर्शातून थोडं कळतं, फार नाही. डोळ्यांनी पाहिलेल्या ग्रुपवरच विश्वास ठेवा.

खांद्यावरून पाच शॉट मारून निर्णय घेणं

पाच शॉटचा एखादा सुंदर ग्रुप कुठल्याही छर्‍याने निघतो. तपासणी करायची तर रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे पकडीच्या शिकंज्यात, बसवा. जबड्यात रबर किंवा कातडं घाला, पण बॅरल पकडू नका. बरोबर दहा मीटरवर कागद लावा आणि प्रत्येक आकाराचे दहा-दहा शॉट मारा, तेही निदान तीन वेळा. आकार बदलला की पहिले चार-पाच शॉट मोजू नका, कारण आधीच्या छर्‍याचं शिसं बॅरलमध्ये लागलेलं असतं.

मग भोकाची बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत रुंदी मोजा. दहा शॉट ६ मिमीच्या आत बसले तर मी तो छर्रा ठेवते आणि ७ च्या पुढे गेले तर सोडून देते. कारण साधं आहे. टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा असतो आणि दशांशाची प्रत्येक पायरी पाव मिलिमीटरची. छर्‍यानेच तुमचे दोन दशांश खाल्ले तर तुम्ही श्वासावर कितीही मेहनत घ्या, ते परत मिळत नाहीत.

डोंबिवलीच्या त्या मुलीच्या बॅरलला तिने घेतलेला महागडा ४.५० चा छर्रा ७.४ मिमीचा ग्रुप देत होता. मधल्या किमतीच्या ४.४९ ने ५.६ दिला. तिन्ही वेळा जवळजवळ तसाच.

बॅचकडे न पाहणं

ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिची सल अजून आहे. राज्य स्पर्धेच्या चार दिवस आधी माझे छर्रे संपले. दुकानात तीच कंपनी, तोच आकार, तोच डबीचा रंग. दुकानदार म्हणाला सेमच माल आहे. डबीच्या मागे छापलेला बॅच नंबर मी पाहिलाच नाही. स्पर्धेत पहिल्या सिरीजपासून ग्रुप उघडला, आणि मी नेम सरकवणारे क्लिक फिरवत, स्वतःवर चिडत साठ शॉट संपवले. घरी येऊन दोन्ही डब्या व्हाइसवर लावल्या तेव्हा कळलं की जुनी बॅच एका भोकात जात होती आणि नवी पसरत होती. साचा झिजतो, बदलतो, आणि नवा साचा म्हणजे तुमच्या बॅरलसाठी नवा छर्रा. चांगली बॅच सापडली की त्याच नंबरच्या डब्या सीझनभराच्या एकदम घ्या.

वेग वाढवणं

स्पर्धेच्या रायफलमधून अर्ध्या ग्रॅमहून थोडा जड छर्रा सेकंदाला सुमारे १७० ते १७५ मीटरने सुटतो. तो १८० वर नेला तर दहा मीटर जायला साधारण अडीच मिलिसेकंद कमी लागतील. बंद रेंजमध्ये वारा नाही आणि छर्रा बॅरलबाहेर पडल्यावर तुमच्या हलण्याचा त्याच्यावर परिणाम नाही. मग या अडीच मिलिसेकंदांचं करायचं काय? त्यासाठी हवेची झडप ठोकून उघडणारा हॅमर, त्याचा स्प्रिंग आवळला की उसळी वाढते, आणि जो छर्रा तुम्ही मेहनतीने शोधला तो पुन्हा तपासावा लागतो.

खरा शत्रू वेगातला चढउतार आहे. १७२ वर सेट केलेली रायफल एखाद्या शॉटला १६९ वर आली की छर्रा सुमारे ०.६ मिमी खाली लागतो. म्हणजे दोन दशांश गेले, तेही तुमची काही चूक नसताना. क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजणाऱ्या यंत्रावर, वीस शॉट घ्या. आकडे वर-खाली उड्या मारत असतील तर स्क्रू फिरवू नका, रायफल दुरुस्ती जाणणार्‍याकडे न्या. बहुतेक वेळा हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या रेग्युलेटरची सील गेलेली असते.

सिलिंडर

रायफलला हवा पुरवणाऱ्या सिलिंडरच्या दाबाचा काटा कुठपर्यंत खाली आला की वेग पडतो हे प्रत्येक रायफलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. साठ शॉटची मॅच त्या रेषेच्या जवळ सुरू करू नका. २०० बार दाबाचा सिलिंडर असेल तर २०० च्या वर एक काडीही नाही. भरताना सावकाश भरा. घाईने भरला की तापतो आणि थंड झाल्यावर काटा खाली आलेला दिसतो. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. बहुतेक उत्पादक दहा वर्षांची मुदत देतात, ती संपली की तो वापरातून काढा, कितीही चांगला दिसत असला तरी. आणि ऑक्सिजन कधीही भरू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि वंगणाचा एक थेंब एवढ्यावर स्फोट होतो. आपल्याकडच्या दमट हवेत हातपंपाने भरलं तर पाणीही आत जातं, म्हणून कोरड्या हवेच्या मोठ्या सिलिंडरवरूनच भरा.

लोकलमधून नेलेली डबी

त्या मुलीचं निम्मं कोडं इथे सुटलं. तिची डबी मी दिव्याखाली पांढर्‍या कागदावर रिकामी केली. छर्रे एकेक करून स्कर्ट वर ठेवून उभे केले. पन्नासपैकी सहांची झालर एका बाजूने चेपलेली होती, एक तर चक्क अंडाकृती. डोंबिवलीहून सकाळच्या गर्दीत ती डबी बॅगच्या बाहेरच्या कप्प्यात टाकून आणत होती. शिसं इतकं मऊ असतं की डबीच्या आत एकमेकांवर आपटूनही छर्रे चेपतात. झालर वाकडी झाली की हवा एका बाजूने निसटते आणि छर्रा डुगडुगत जातो. तिचे ९.७ तिथून येत होते.

पावसाळ्यात उघड्या डबीतल्या छर्‍यांवर पांढरी भुकटी धरते. असे छर्रे सरावालाही वापरू नका. डबी घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही, हे मी लहान मुलांना पहिल्या दिवशी सांगते. शिसं पोटात जातं आणि वाढत्या वयाला ते फार वाईट.

आता ती ४.४९ च्या एकाच बॅचच्या आठ डब्या ठेवते. प्रत्येकीवर मार्करने नंबर टाकलेला. रेंजवर आणताना एक डबी टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळून स्टीलच्या छोट्या टिफिनमध्ये, आणि टिफिन बॅगच्या मधोमध कपड्यांत.