फायबर उलटी पडली तर: पोलॅरिटी सहज बदलता येईल असा कनेक्टर कसा निवडावा, कसा पालटावा

ड्युप्लेक्स फायबर लिंकमध्ये एका फायबरमधून प्रकाश जातो, दुसरीतून येतो. या टोकाचा टीएक्स (प्रकाश पाठवणारं भोक) त्या टोकाच्या आरएक्सला (प्रकाश घेणाऱ्या भोकाला) पोचला की लिंक येते. टीएक्ससमोर टीएक्स आला की दोन्हीकडे अंधार. अशा वेळी पोलॅरिटी, म्हणजे कुठली फायबर कुठल्या भोकाला जाते ती जुळवणी, चुकलेली असते. ती सुधारायला केबल कापावी लागत नाही, स्प्लायसिंग मशीनही (फायबर वितळवून जोडणारं यंत्र) लागत नाही. फक्त कुठल्या तरी एका टोकाला दोन फायबरची अदलाबदल करायची असते. हे काम दोन मिनिटांत होईल की अर्धा दिवस खाईल, हे मात्र कनेक्टरच्या रचनेवर ठरतं.

कोल्हापुरात या रचनेचं महत्त्व जरा जास्तच आहे. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्रीत ऑफिसपासून मेल्टिंग शॉपपर्यंत फायबरच टाकावी लागते, कारण तांब्याच्या इथरनेट केबलला १०० मीटरची मर्यादा आहे आणि इंडक्शन फर्नेसजवळ विद्युत गोंगाट मोठा असतो. पण तिथल्या हवेत मोल्डिंग सँड आणि कोळशाची पूड तरंगत असते. सिंगल मोड फायबरचा गाभा ९ मायक्रॉनचा, मल्टिमोडचा ५० मायक्रॉनचा. पुडीचा एक कण सिंगल मोडचा गाभा सहज झाकून टाकतो. म्हणून कनेक्टर जितका कमी उघडावा लागेल आणि फेरूलला (फायबरचं टोक धरणाऱ्या बारीक नळीला) जितका कमी हात लागेल तितकं बरं. पोलॅरिटी बदलण्याची कोणतीही पद्धत आम्ही आधी याच कसोटीवर तपासून पाहतो.

घरच्या ब्रॉडबँडला ही भानगड नसते. तिथे एकाच फायबरमधून १४९० नॅनोमीटरवर डेटा घरी येतो आणि १३१० वर परत जातो. टोकाला हिरवा एससी कनेक्टर असतो. अदलाबदल करायला दुसरी फायबरच नाही.

आधी खात्री करा: दोष पोलॅरिटीचाच आहे का?

पोलॅरिटी चुकली असेल तर दोन्ही टोकांचे आरएक्स एकाच वेळी अंधारात असतात. एका टोकाला प्रकाश येतो आणि दुसऱ्याला येत नाही, तर एक फायबर तुटलेली, वाकलेली किंवा फार मळलेली आहे. अशा वेळी एका टोकाला अदलाबदल केलीत तर उरलेला प्रकाशही जाईल आणि दोन्हीकडे अंधार होईल. ही साधी गोष्ट विसरल्यामुळे चांगले कनेक्टर विनाकारण उघडले जातात.

स्विचच्या कमांडमधून एसएफपीचे (पोर्टमध्ये बसणाऱ्या ऑप्टिकल मॉड्यूलचे) आकडे वाचता येत असतील तर तेच आधी वाचा. टीएक्स व्यवस्थित, समजा −२ ते −५ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं एकक), आणि आरएक्स दोन्हीकडे −३० च्या खाली किंवा सरळ −४०, असं असेल तर संशय पोलॅरिटीवर घ्या. दोन्ही फायबर तुटल्या तरी आकडे असेच दिसतात. म्हणून दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड (उपकरण आणि पॅनेल जोडणाऱ्या छोट्या केबल) उपकरणातून काढा, लाल लेसर पेन एका टोकाच्या टीएक्सच्या प्लगला लावा आणि दुसऱ्या टोकाला लाल ठिपका कुठल्या प्लगात उमटतो ते पाहा. टीएक्सच्या बाजूला उमटला तर पोलॅरिटी उलटी आहे. कुठेच उमटला नाही तर मध्येच काहीतरी तुटलंय.

साधा मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा) असेल आणि आकडे मिळत नसतील तर मोबाइलचा कॅमेरा उपयोगी पडतो. मल्टिमोडचा ८५० नॅनोमीटरचा प्रकाश बऱ्याच मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात फिकट ठिपक्यासारखा दिसतो. १३१० आणि १५५० चा प्रकाश कॅमेऱ्याला दिसत नाही, तिथे पॉवर मीटरच हवा. डोळ्यांनी फायबरच्या टोकात कधीच पाहू नका. हा प्रकाश दिसत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही आणि इजा होऊन जाते.

मग पालट मोजा

पॅनेलवरच्या भोकांना १, २ असे आकडे असतात. स्प्लायसिंग सरळ झालं असेल, म्हणजे ऑफिसच्या एलआययूचं (फायबर जिथे संपते त्या पॅनेलच्या डब्याचं) १ नंबरचं भोक शॉपच्या १ नंबरलाच निघत असेल आणि दोन्हीकडे एकसारख्याच पॅच कॉर्ड लावल्या असतील, तर दोन्ही टीएक्स १ नंबरवरच येऊन आदळतात. म्हणून अख्ख्या मार्गावर पालट विषम संख्येने व्हायला हवी: एकदा, तीनदा, पण दोनदा नाही. दोन माणसांनी दोन टोकांना एकाच वेळी अदलाबदल केली की दोन पालटी एकमेकींना खातात आणि लिंक होती तशीच बंद राहते. पालट कुणी आणि कुठल्या टोकाला करायची हे फोनवर आधी ठरवा.

डावी-उजवी बाजू पाहून अंदाज बांधू नका. स्विचवर एकावर एक पोर्ट असतात तेव्हा खालच्या रांगेतला एसएफपी उलटा बसतो, त्यामुळे टीएक्स दुसऱ्या बाजूला गेलेला दिसतो. प्लगही खटका (पोर्टमध्ये अडकणारी पट्टी) खाली करून बसतो, म्हणून पोलॅरिटी बदलत नाही. नजर खटक्यावर ठेवा. पॅनेलमधला अॅडॉप्टर कुणी उलटा बसवला असेल तर मात्र १ आणि २ खरोखरच अदलाबदल होतात. पॅनेल नव्याने बसवलं असेल आणि सलग सगळ्याच लिंक बंद असतील, तर कनेक्टरला हात लावण्याआधी अॅडॉप्टरची खाच कुठल्या बाजूला आहे ते पाहा.

कनेक्टर पालटण्याच्या पद्धती

सगळ्यात जुनी आणि स्वस्त रचना क्लिपची. दोन सुटे एलसी (छोट्या आकाराचे) कनेक्टर प्लॅस्टिकच्या एका क्लिपमध्ये बसवलेले असतात. प्लग बाहेर काढून दोन्ही फेरूलांना लगेच डस्ट कॅप लावा. क्लिपची कड नखाने किंवा चपट्या स्क्रू ड्रायव्हरने हलकेच उचला, दोन्ही कनेक्टर बाहेर घ्या, जागा बदला आणि क्लिप पुन्हा दाबून बसवा. दोन्ही खटके एकाच बाजूला आले पाहिजेत. क्लिपवरची खटका दाबायची पट्टी दोन्ही खटक्यांवर टेकली नाही, तर प्लग पोर्टमध्ये अडकून बसतो आणि काढताना खटका तुटतो. अदलाबदल झाल्यावर दोन्ही तारा एकमेकींवरून जातात, म्हणून जोडकेबलचे दोन पदर बुटाच्या (कनेक्टरमागच्या लवचिक नळीच्या) मागे पुरेसे सुटे करून घ्या. न सोडवता ओढून बसवले तर बुटाच्या तोंडाशीच फायबर वाकते. साधी जी.६५२.डी फायबर ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा आत वाकवू नये. जी.६५७.ए१ ला १० आणि ए२ ला ७.५ मिलिमीटरपर्यंत मुभा असते.

दाटीच्या रॅकमध्ये युनिबूट चांगला. दोन्ही फायबर एकाच गोल केबलमधून येतात, बूट एकच, म्हणून हवा खेळायला जागा राहते. यातल्या फिरत्या डोक्याच्या रचनेत बूट मागे ओढायचा, एक एलसी बाणाच्या दिशेने १८० अंश फिरवायचा, मग दुसरा, आणि बूट परत पुढे आणून बसवायचा. आता खटके वरून खाली गेलेले असतात. अख्खा प्लग पालथा केला की खटके पुन्हा वर येतात आणि ए-बी च्या (दोन फायबरच्या) जागा बदललेल्या असतात. मूळ स्थितीत आणायचं असेल तेव्हा ज्या दिशेने फिरवलं त्याच्या उलट दिशेनेच फिरवा. दर वेळी एकाच दिशेने फिरवत राहिलात तर आत फायबरला पीळ बसत जातो, आणि पिळलेली फायबर काही महिन्यांनी अकारण वाटावा असा लॉस (प्रकाशाची घट) देऊ लागते.

तिसऱ्या रचनेत कनेक्टर जागीच राहतो, फक्त खटक्याचा भाग वरून काढून खालच्या बाजूला लावतात. हात सगळ्यात कमी लागतो, पीळ पडण्याचा प्रश्नच नाही. पण हिरव्या एपीसी कनेक्टरला ही रचना चालत नाही. एपीसी फेरूलचं टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं आणि तो तिरकेपणा खटक्याच्या बाजूशी जुळवलेला असतो. खटका दुसऱ्या बाजूला गेला की दोन तिरके पृष्ठ एकमेकांवर टेकत नाहीत, मध्ये हवेची फट राहते आणि लॉस फार वाढतो. फिरत्या डोक्यात फेरूल आणि खटका एकत्र फिरतात, म्हणून तिथे हा घोळ होत नाही. सरळ घासलेल्या निळ्या यूपीसीला आणि मल्टिमोडला दोन्ही रचना चालतात.

रचनेकडे बघताना आणखी काही गोष्टी पाहाव्यात. केव्हलारचे (केबलमधले ताण सहन करणारे) धागे कनेक्टरच्या मागच्या स्थिर भागाला क्रिंप केलेले असावेत. ते फिरत्या भागाला जोडलेले असतील तर केबलला ओढ बसताच ताण थेट फायबरवर येतो. १८० अंशांवर पक्का थांबा असावा आणि तिथे टक् असा आवाज व्हावा. अर्धवट फिरलेला कनेक्टर पोर्टमध्ये बसल्यासारखा वाटतो आणि बसलेला नसतो. पालटताना सुटा होणारा बारीक भाग असू नये, कारण तो हातातून निसटला की स्विचच्या पंख्यात जातो. शेवटची आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट: पालट झाली हे बाहेरून दिसायला हवं. ए आणि बी ही अक्षरं कनेक्टरसोबत फिरतात का, किंवा खिडकीत रंग बदलतो का, हे पाहा. ज्यावर काहीच खूण उमटत नाही असा कनेक्टर पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून शोध घ्यायला लावतो.

एमपीओ असेल तर

एमपीओ म्हणजे एकाच प्लगमध्ये अनेक फायबर बसवणारा कनेक्टर. १२ फायबरच्या एमपीओमध्ये कनेक्टरच्या एका बाजूला उंचवटा असतो, त्याला की म्हणतात. टाइप ए ट्रंकमध्ये (दोन टोकं जोडणाऱ्या मुख्य केबलमध्ये) एका टोकाला की वर, दुसऱ्याला खाली, आणि १ नंबर १ लाच जातो. टाइप बी मध्ये दोन्हीकडे की वर, आणि १ नंबर १२ ला जातो. म्हणून टाइप ए च्या एका टोकाची की उलटी केली की टाइप बी तयार होते. एमटीपी प्रोसारख्या कनेक्टरमध्ये छोट्या हत्याराने हे जागेवर करता येतं, पिनाही काढता-घालता येतात. टाइप सी मात्र असा बनत नाही, कारण त्यात १-२, ३-४ अशा जोड्या आतून बदललेल्या असतात. एपीसी एमपीओची की फिरवू नका. तिरकेपणाचं गणित इथेही तेच.

४० गिगाबिटच्या एसआर४ (मल्टिमोडवर चालणाऱ्या) लिंकला १२ पैकी ८ फायबर लागतात: १ ते ४ मधून प्रकाश जातो, ९ ते १२ मधून येतो आणि मधल्या चार रिकाम्या. दोन उपकरणं थेट जोडायची असतील तर टाइप बीच हवा.

पालटल्यावर

कॅप काढली की फेरूल साफ केल्याशिवाय प्लग लावू नका. एलसीला १.२५ मिलिमीटरचा क्लीनर पेन, एससीला २.५ चा. आधी कोरडा पुसा, डाग राहिला तर धागे न सुटणाऱ्या कागदावर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा आणि लगेच कोरडं करा. पॅनेलच्या आतल्या बाजूचा फेरूलही साफ करा, नाहीतर तिथली घाण तुमच्या स्वच्छ प्लगवर येते. पावसाळ्यात बाहेरच्या कॅबिनेटमधला कनेक्टर उघडताना विशेष जपा. आत दव धरलेलं असतं आणि ओल्या पुडीचा थर कोरड्या पुसण्याने निघत नाही.

साफसफाईबद्दल इतका आग्रह का, ते हिशेबातून दिसतं. ओएम३ (मल्टिमोड फायबरचा एक प्रकार) वर १० गिगाबिटची एसआर लिंक ३०० मीटरपर्यंत चालते आणि मार्गातला एकूण लॉस २.६ डीबीच्या आत असावा लागतो. केबलचा लॉस किलोमीटरला ३.५ डीबी धरला तर ३०० मीटरचा १.०५. दोन जोडणींना प्रत्येकी ०.७५ ही कमाल मर्यादा धरली तर १.५. झाले २.५५. एक मळका फेरूल आला की लिंक कधी येते, कधी जाते, आणि दोष पोलॅरिटीवर ढकलला जातो.

लिंक आल्यावर दोन्ही टोकांचे आरएक्स वाचून लिहून ठेवा. केबलच्या टॅगवर तारीख आणि "पालट: ऑफिस टोक" एवढं लिहिलं तरी पुरतं.

नवीन पॅच कॉर्ड मागवताना दुकानदाराला फक्त "एलसी-एलसी ड्युप्लेक्स" म्हणून सांगू नका. ऑर्डरमध्ये फायबरचा प्रकार, घासण्याचा प्रकार (यूपीसी की एपीसी), लांबी, बुटाचा प्रकार, ए-बी की ए-ए (पालट असलेली की सरळ), आणि "पोलॅरिटी जागेवर, हत्याराशिवाय बदलता यावी" हे स्वतंत्र ओळीत लिहा. माल आला की एक कॉर्ड टेबलावर पालटून, परत मूळ स्थितीत आणून, दोन्ही वेळा लॉस मोजा. दोन आकड्यांत ठळक फरक आला तर त्या रचनेत आत फायबरला पुरेसा ढिलेपणा नाही, आणि तो लॉट परत करावा.