या चुका टाळा: इंग्रजी शब्दाच्या आधीचं एक अक्षर

चोपड्याकडचा एक विद्यार्थी. घरची केळी कापून तयार होती. त्यानं मुंबईच्या व्यापाऱ्याला मोबाइलवर निरोप धाडला: 'वुई हॅव फ्यू बॉक्सेस रेडी.' म्हणायचं होतं, थोडी खोकी तयार आहेत, गाडी पाठवा. पण नुसतं 'फ्यू' म्हणजे नसल्यातच जमा. 'ए फ्यू' म्हणजे थोडी का होईना, आहेत. व्यापाऱ्यानं गाडी दुसरीकडे वळवली. कापलेली केळी कुणासाठी थांबत नाही. माल गावातच पडेल त्या भावानं गेला. "एकच अक्षर ऱ्हायनं सर," पोरगा म्हणाला. त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. 'लिटल' आणि 'ए लिटल' यांचंही तेच. माझ्या वर्गात आता पहिला तास या दोन जोड्यांचाच असतो.

दुसरी चूक दर अर्जात सापडते: 'ॲन युनिव्हर्सिटी'. जळगावात १९९० पासून विद्यापीठ आहे, तरी त्याच्या आधीचं हे अक्षर चुकतंच. 'ए, ई, आय, ओ, यू दिसलं की ॲन' हा घाईचा मंत्र याच्या मुळाशी आहे. पोरांना तीस दिवसांत इंग्रजी हवं असतं, म्हणून ती डोळ्यांनी लिहितात. इथं कान लागतो. मी शब्द आधी देवनागरीत लिहायला लावतो. एमएलए, एफआयआर, अवर यांची सुरुवात स्वरानं, म्हणून 'ॲन'. युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-रुपी कॉइन यांची सुरुवात य-व नं, म्हणून 'ए'. मात्र उच्चार आधी पक्का करा. 'होनेस्ट' म्हणणाऱ्याला ही युक्ती फसवणारच. तो शब्द 'ऑनेस्ट' आहे. आणि वर्ष नि कान दोन्ही आपण 'इयर' लिहितो, पण वर्षाचा खरा उच्चार 'यिअर', म्हणून त्याला 'ए' आणि कानाला 'ॲन'.

नद्या आणि डोंगररांगांना 'द' लावा: द तापी, द गिरणा, द सातपुडा. जळगाव, धुळे, भुसावळ यांना नको.

उपसर्गांत 'इन'चं रूप बदलतं, ते पाठ करत बसू नका. उत् + लेख = उल्लेख होतं ना? तसंच 'इन'चं लीगलपुढे 'इल्', पॉसिबलपुढे 'इम्' होतं. जिभेला जे सोपं, तेच.

पण प्रत्येक 'इन' नकाराचा नसतो. धुळ्यावरून जाणाऱ्या आग्रा रोडवर टँकरच्या पाठीवर 'हायली इनफ्लेमेबल' लिहिलेलं असतं. 'म्हणजे पेट न घेणारं' असं एकानं वर्गात छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा मी धडा तिथंच थांबवला. त्याचा अर्थ चटकन पेटणारं. अशा शब्दाचा अंदाज बांधू नका, शब्दकोश उघडा. मी आजही उघडतो.

'रिटर्न बॅक' लिहू नका, 'रि'मध्ये परत येणं आलंच. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' नको.