वाघा सीमेची जुनी कॅसेट लावण्याआधी

अमृतसरच्या सहलीत वाघा सीमेचं शूटिंग केलेली व्हीएचएस कॅसेट माळ्यावर सापडली, की हात आधी व्हीसीआरकडे जातो. थांबा. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून टेपची रिळं उजेडात बघा. कडेला पांढुरकी पूड दिसली तर ती बुरशी. आमच्याकडे कोकणात तर हमखास. तशी कॅसेट चालवली तर टेप खराब होतेच, शिवाय व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागलेली बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. ती जाणकाराकडूनच साफ करून घ्या.

कॅसेट स्वच्छ असेल तर मागच्या कडेची प्लॅस्टिकची छोटी पट्टी मोडून टाका, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा आणि पहिल्याच वेळी संगणकावर उतरवून घ्या. आधी बघू, मग कॉपी करू, हे नको.

उतरवलेली फाइल घरातल्या मोठ्यांसोबत बघा, शेजारी मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवून. आमच्या कॅसेटमध्ये फाटक बंद होताना आजी पदर सावरत टाचा उंचावते. कोणाला बघत होतीस विचारलं, तर म्हणाली, "पलीकडच्या बायका. त्याही माझ्यासारख्याच उन्हाला हात धरून उभ्या." कॅमेऱ्यात त्या बायका आल्याच नाहीत.

फाइलच्या नावात साल आणि ‘अटारी’ लिहा. वाघा हे गाव पाकिस्तानात आहे, आपण उभे होतो ते अटारीला.