दुहेरी सारणीतील स्वातंत्र्याची चाचणी: पायथनमध्ये कशी करावी

कोल्हापुरात मटणाच्या ताटाबरोबर तांबडा आणि पांढरा असे दोन्ही रस्से येतातच, त्यामुळे ‘कोणता रस्सा घेतला’ या प्रश्नातून विश्लेषणाच्या हाती काहीच लागत नाही. ‘पुन्हा मागताना पहिल्यांदा कोणता मागितला’ असेच विचारावे लागते. हे मुद्दाम आधी सांगितले, कारण स्वातंत्र्य, म्हणजे दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसणे, तपासणारे फंक्शन एका ओळीचे असले तरी त्याला चुकीची सारणी दिल्यास बहुतेक वेळा ते कोणतीही तक्रार न करता चुकीचे उत्तर देते. प्रत्येक व्यक्ती सारणीच्या एकाच घरात आणि एकदाच मोजली गेली पाहिजे. तीनदा रस्सा मागणाऱ्याची तीनदा नोंद झाली, किंवा एका टेबलावरच्या कुटुंबाने एकमेकांचे पाहून वाटी पुढे केली, तर नोंदी परस्परांपासून स्वतंत्र राहत नाहीत.

समजा, रंकाळ्याजवळच्या एका खाणावळीत अशा २०० जणांची नोंद केली. आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. १२० स्थानिकांपैकी ७८ जणांनी तांबडा आणि ४२ जणांनी पांढरा मागितला, तर ८० पाहुण्यांपैकी ३६ जणांनी तांबडा आणि ४४ जणांनी पांढरा. म्हणजे तांबड्याचे प्रमाण अनुक्रमे ६५ आणि ४५ टक्के आहे. रस्स्याची आवड आणि माणसाचे गाव यांचा काहीच संबंध नाही, हे आपले शून्य गृहीतक. ते खरे असेल तर प्रत्येक घरातील अपेक्षित संख्या ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज भागिले एकूण संख्या इतकी येते; तांबडा मागणाऱ्या स्थानिकांसाठी ती १२० × ११४ ÷ २००, म्हणजे ६८.४ आहे.

कच्च्या नोंदी पांडाज या पायथनच्या ग्रंथालयाच्या (तयार फंक्शनांच्या संचाच्या) क्रॉसटॅब फंक्शनला दिल्या की सारणी तयार होते, आणि ती सायपाय या दुसऱ्या ग्रंथालयाच्या स्टॅट्स विभागातील काय-टू-कंटिन्जन्सी फंक्शनला द्यावी. काय-वर्ग मूल्य (प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्यांतील एकूण तफावत), पी-मूल्य (शून्य गृहीतक खरे असताना निदान इतकी तफावत दिसण्याची शक्यता), स्वातंत्र्यमात्रा (बेरजा ठरल्यावर किती घरे मोकळेपणी बदलू शकतात ती संख्या) आणि अपेक्षित संख्यांची सारणी या चार गोष्टी परत मिळतात. आपल्या उदाहरणात काय-वर्ग मूल्य ७.०४ आणि पी-मूल्य सुमारे ०.००८ येते. हाताने पडताळणाऱ्याला मात्र ७.८३ मिळेल आणि तो गोंधळेल: स्वातंत्र्यमात्रा १ असताना हे फंक्शन न सांगताच काय-वर्ग मूल्य थोडे कमी करणारी येट्स यांची दुरुस्ती लावते. ती नको असल्यास करेक्शन हा पर्याय फॉल्स ठेवावा.

सर्वांत फसवी चूक बेरजांची आहे. क्रॉसटॅबमध्ये मार्जिन्स हा पर्याय चालू ठेवून तीच सारणी पुढे दिली, तर फंक्शन बेरजांनाही निरीक्षणे समजते. बेरजांच्या घरांत अपेक्षित आणि प्रत्यक्ष संख्या सारख्याच येत असल्याने काय-वर्ग मूल्य ७.८३ हे बिनचूक दिसते. पण स्वातंत्र्यमात्रा ४ होते, पी-मूल्य ०.०९८ वर, म्हणजे ०.०५ या नेहमीच्या मर्यादेपलीकडे जाते आणि निष्कर्ष उलटतो. म्हणून परत आलेली स्वातंत्र्यमात्रा ‘ओळी वजा १ गुणिले स्तंभ वजा १’ इतकीच आहे का, हे दरवेळी पाहावे. ही गफलत नवशिक्यांचीच असते असेही नाही: १९०० साली ही चाचणी मांडणारे कार्ल पिअर्सन स्वतः २×२ सारणीसाठी स्वातंत्र्यमात्रा ३ धरत असत, ती १ असते, हे रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये दाखवून दिले.

मूळ संख्यांऐवजी टक्केवारी कधीही देऊ नये. एखाद्या घरातील अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी असेल तर पी-मूल्यावर विसंबू नये. अशा वेळी २×२ सारणीसाठी सायपायमधील फिशर-एक्झॅक्ट फंक्शन वापरावे.

पी-मूल्य लहान आले म्हणजे संबंध घट्ट आहे, असा अर्थ होत नाही. नोंदी वाढल्या की क्षुल्लक फरकही ठळक भासू लागतो. संबंधाची तीव्रता मोजण्यासाठी स्टॅट्समधील कंटिन्जन्सी उपविभागातील असोसिएशन फंक्शन क्रेमर यांचा व्ही गुणांक देते. ० ते १ या पट्टीवर आपल्या सारणीचा गुणांक सुमारे ०.२० येतो, म्हणजे संबंध आहे, पण पाहुणा दिसताच वाढप्याने न विचारता पांढरा वाढावा इतका तो नाही.