सेकंदाचा शंभरावा भाग आणि एक एंटर

साताऱ्यात शालेय मैदानी स्पर्धांचे निकाल एक्सेलमध्ये भरायचं काम पहिल्यांदा घेतलं, तेव्हा मला सॉर्ट, फिल्टर, व्हीलूकअप सगळं येत होतं. तुम्हालाही येत असणार. तरी वेळेच्या रकान्यात मी सपशेल आपटले. मुलींच्या ४०० मीटरमध्ये फलटणची मुलगी १:०४.१२ ला आली आणि कोरेगावची १:०४.३८ ला. मी भिंतीवर लावलेल्या यादीत दोघींपुढे ०१:०४.० होतं, आणि कोरेगावची वर. फलटणची पोर यादीपुढे उभी राहून त्या दोन ओळींवरून बोट फिरवत होती. आजही आठवलं की पोटात कालवतं.

आकडे मी बरोबर भरले होते. घोळ झाला पडताळताना.

एक्सेलच्या लेखी पूर्ण दिवस म्हणजे १, आणि एक सेकंद म्हणजे त्याचा ८६,४०० वा भाग. त्यामुळे पॉइंटनंतरचे आकडे सेलमध्ये नीट साठतात. पण फॉर्म्युला बार, म्हणजे वरची लांब पट्टी, फक्त पूर्ण सेकंद दाखवतो. तुम्ही खात्री करायला सेलवर डबल क्लिक करता किंवा एफ-टू दाबता, तिथे १२:०१:०४ दिसतं (मध्यरात्री बारानंतर एक मिनिट चार सेकंद), काही न बदलता एंटर मारता. एक्सेल समजतं, तुम्ही आत्ता हेच टाइप केलंत. वरचे .१२ गेले. सूचना येत नाही, लाल खूण येत नाही. दोन्ही वेळा सारख्या झाल्या की सॉर्ट ओळी आहेत त्याच क्रमाने ठेवतो. म्हणून सांगते, सेल उघडलात तर बाहेर पडताना एस्केप. एंटर नाही, टॅबही नाही.

स्वतः करून बघा. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या पात्रता फेरीत ९:१९.७६ ची वेळ दिली होती. ती टाइप करा. सेलमध्ये ०९:१९.८ दिसेल, घाबरू नका, फॉरमॅट एकच दशांश दाखवतोय. कस्टम फॉरमॅटमध्ये तीन दशांश केले की ०९:१९.७६० दिसेल. आता एफ-टू आणि एंटर. पॉइंटनंतर तीन शून्यं.

यावर उपाय साधा आहे. वेळ म्हणून भरूच नका. एका रकान्यात मिनिटं, दुसऱ्यात सेकंद, तिसऱ्यात मिनिटं गुणिले ६० अधिक सेकंद. ६४.१२ हा साधा आकडा कितीही वेळा उघडा, तसाच राहतो. सॉर्ट त्याच्यावर, वजाबाकी त्याच्यावर. छापायच्या रकान्यात तेवढा ८६,४०० ने भागून वेळेचा फॉरमॅट द्या. सेकंड फंक्शन पूर्णांकच देतं आणि टाइम फंक्शन दशांश कापतं, दोन्ही इथे नकोत. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत हीच दोन शिकवतात. माझा त्या व्हिडिओंवर राग आहे आणि तो जाणार नाही.

अजून एक. स्टॉपवॉचची वेळ नेहमीसारखी राउंड करत नाहीत, पुढच्या दशांशावर नेतात. ६४.१२ चे ६४.२, ६४.३१ चे ६४.४, नेमके ६४.३० असतील तर ६४.३ च. म्हणजे राउंडअप. पण वजाबाकीतून आलेल्या ६४.३० मागे खूप पुढच्या दशांशात कुठेतरी बारीकसा १ लपलेला असू शकतो आणि राउंडअप त्याचे ६४.४ करून मोकळा होतो. आधी दोन दशांशांवर राउंड, मग एकावर राउंडअप. हे डोक्यात बसायला मला दोन हंगाम लागले, तुम्हाला एक दुपार पुरेल. खरंच अवघड नाही.

मला फॉर्म्युले देणारे पुष्कळ भेटले. उपयोगी पडले ते एक्सेल न येणारे क्रीडाशिक्षक. घड्याळ हातात असतानाच ते वहीत पेन्सिलीने वेळ लिहायचे. त्या दिवशी वही उघडून त्यांनी ओळीवर नख ठेवलं, १:०४.१२. मी यादी उतरवली, १:०४.२ आणि १:०४.४ घालून नवी छापली आणि फलटणच्या मुलीला हाक मारून आधी तिला दाखवली, मग लावली. आता छापण्याआधी एकजण वहीतून मोठ्याने वाचतो आणि मी स्क्रीनवर बघते, माऊसला हात न लावता.