फुल थ्रॉटलला इंजिन बसतं तेव्हा: देवबागच्या होडीवरचे माझे पहिले दोन सीझन

नारळी पौर्णिमा झाली की आमच्याकडे दोन-चार नवी पोरं पहिल्यांदाच स्वतःची होडी पाण्यात घालतात. कर्ज काढलेलं असतं, घरच्यांचं लक्ष असतं, आणि पहिल्याच महिन्यात एक तक्रार घेऊन ती येतात: इंजिन पेट्रोल खूप खातंय आणि ताकद देत नाही. मीही तेच बोलत फिरत होतो. इंजिन सुरू कसं करायचं, किल स्विचची दोरी मनगटाला का बांधायची, हे तुम्हाला येतं असं धरून पुढचं लिहितो.

माझी २२ फुटी फायबर होडी, मागे टांगलेलं ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन (आऊटबोर्ड), कार्ब्युरेटरवालं. पहिला सीझन बरा गेला. दुसऱ्या सीझनला आठ पर्यटक घेऊन संगमाच्या बाहेर पडलो, थ्रॉटल पूर्ण दिला, होडीने नाक उचललं, पाण्यावर बसली, म्हणजे सपाट होऊन पाण्याच्या वरून पळायला लागली, आणि मिनिटभरात इंजिनाच्या फेऱ्या (आरपीएम) खाली. थ्रॉटल कमी केला तर इंजिन शांत, व्यवस्थित. पुन्हा दिला, पुन्हा अर्ध्या मिनिटाने तेच. त्या दिवशी हळूहळू परत आलो. तेवढं एक मी बरोबर केलं.

त्यानंतर मी प्लग बदलले. कार्ब्युरेटर दोनदा खोलून साफ केला. एका मिस्त्रीने सीडीआय, म्हणजे प्लगला ठिणगी देणारा डबा, गेला म्हणून सांगितलं, तोही घातला. प्रत्येक वेळी धक्क्यावर इंजिन झकास चालायचं आणि बाहेर गेल्यावर बसायचं, म्हणजे ताकद सोडायचं. महिना गेला, आणि त्या महिन्यात मी होडी चालवतच राहिलो.

आता हे नीट वाचा. पेट्रोलची नळी बरोबर आहे का हे मीही तपासलं होतं. टाकीपासून सोडवली, तोंड लावून फुंकली, हवा आरपार गेली. नळी मोकळी आहे म्हणून बाजूला ठेवली. माझी चूक तिथेच झाली. आपण फुंकतो तेव्हा नळीच्या आत दाब असतो. इंजिनाचा पंप मात्र पेट्रोल ओढतो. माझ्या नळीचा आतला पातळ थर बाहेरच्या रबरापासून सुटला होता. फुंकलं की तो भिंतीला चिकटायचा आणि वाट मोकळी व्हायची. ओढलं की मधे कोसळायचा आणि वाट अडवायचा. बाहेरून नळी कडक, काळी, नव्यासारखी. प्रायमर बल्ब, म्हणजे नळीवरचा हाताने दाबायचा रबरी फुगा, दाबला की इंजिन उठायचं, कारण बल्बही ढकलतोच. बल्ब चपटाही होत नव्हता, कारण खराब भाग बल्बच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला होता.

मग सुरुवातीचं मिनिटभर इंजिन जोरात का चालायचं? कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल साठलेलं असतं. ते संपेपर्यंत पूर्ण ताकद मिळते. संपलं की जेवढं नळीतून येतंय तेवढ्यावर भागवायचं. कमी थ्रॉटलला तेवढं पुरतं, फुल थ्रॉटलला पुरत नाही. म्हणून धक्क्यावर, न्यूट्रलमध्ये केलेल्या कुठल्याही तपासणीत हा बिघाड सापडत नाही. होडी भार घेऊन पाण्यावर पळताना दोन-तीन मिनिटं पूर्ण थ्रॉटल द्यावाच लागतो.

हे मला एका म्हाताऱ्या तांडेलाने (होडीच्या नाखव्याने) दाखवलं, तेही एक पाना न लावता. त्याने शेजारच्या होडीवरची टाकी, बल्ब आणि नळी असा पूर्ण संच उचलून माझ्या इंजिनाला जोडला आणि म्हणाला, "आता पळव." होडी पळाली. पूर्ण पाच मिनिटं. मग माझी नळी उभी चिरली, आणि आतला थर सालीसारखा हातात आला. दुसऱ्याची टाकी आणि दुसऱ्याची नळी, हीच पहिली तपासणी. यात इंजिन सुधारलं तर दोष इंजिनाच्या बाहेर आहे, आणि इंजिन खोलायचं कारण नाही. तो तांडेल टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रूही आधी बघतो. "टाकीक पण श्वास घेवक व्हयो," म्हणतो. स्क्रू बंद राहिला तर टाकीत पोकळी तयार होते आणि बल्ब शोषून चपटा होतो. बल्ब चपटा म्हणजे अडथळा टाकीच्या बाजूला. कितीही दाबला तरी कडक होत नाही, तर कुठूनतरी हवा ओढली जातेय किंवा बल्बमधला व्हॉल्व्ह गेलाय.

माझं खरं नुकसान नळीने केलं नाही. त्या महिनाभरात मी केलं. टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि तेही इंजिन सगळ्यात तापलेलं असताना. खालच्या सिलिंडरचा प्लग पांढराफटक निघाला होता. पांढरा म्हणजे पेट्रोल अपुरं, बिस्किटाच्या रंगाचा म्हणजे ठीक, काळा ओला म्हणजे जास्त. हे मला माहीत होतं, तरी मी नवा प्लग लावून पुढे गेलो. कॉम्प्रेशन मोजलं तेव्हा एका सिलिंडरमध्ये १२० आणि दुसऱ्यात ८५ पीएसआय. दोन्हीत साधारण १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा. पिस्टनला ओरखडे पडले होते. रीबोअरचा, म्हणजे सिलिंडर आतून पुन्हा कातून घेण्याचा, खर्च काढायला मला अर्धा सीझन लागला. इंजिन फुल थ्रॉटलला बसत असेल तर फेरी बंद करा. ग्राहक परत गेला तरी चालेल.

घाबरूही नका. ताकद जाण्याची बहुतेक कारणं स्वस्त असतात. फेऱ्या चढतात पण होडी पुढे जात नाही, तर पंख्याच्या (प्रोपेलरच्या) आतला रबरी बुश सरकत असेल. बुश आणि पंख्याच्या पात्यांचा भाग यांवर आडवी रेघ मारा, एक फेरी मारून या. रेघ तुटली तर बुश गेला. इंजिनाच्या मागची पाण्याची धार बारीक झाली तर इम्पेलर, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी ढकलणारा छोटा रबरी पंखा, बघा; आमच्या उथळ पाण्यातली वाळू त्याला फार लवकर खाते. फुल थ्रॉटलला फेऱ्याच कमी लागत असतील तर तळाला धरलेली कालवं खरवडा, आणि पंख्याचा पिच, म्हणजे एका फेरीत तो किती पुढे सरकतो ते माप, तपासा. एक इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० फेऱ्या वाढतात.

दोन उपाय मात्र कोणी सुचवले तरी करू नका. एक, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह, काढून टाकणं. इंजिन थंडच राहतं आणि पेट्रोल जास्त पितं. दुसरं, "सेफ्टीसाठी" जास्त ऑइल. पुस्तकात ५०:१ (५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल) असेल तर ५०:१च, रनिंग-इनच्या काळात सांगितलं असेल तेवढं वेगळं. जादा ऑइल टाकलं की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी होतं, म्हणजे आपण स्वतःच इंजिनाला उपाशी ठेवतो. ऑइल टीसी-डब्ल्यू३ प्रतीचंच, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनासाठीचं; स्कूटरचं ऑइल राख धरतं. आणि जो मिस्त्री लक्षण ऐकून न बघताच पार्ट सांगतो, त्याच्याकडे शिकायला राहू नका. मला पाना हातात धरू देणाऱ्यापेक्षा "कधी बसतं? किती वेळाने? बल्ब कसा होता?" असं विचारणाऱ्याने जास्त शिकवलं.

आता पेट्रोलचा हिशेब. ढोबळ अंदाज असा: फुल थ्रॉटलला दर १० हॉर्सपॉवरमागे तासाला ३.८ लिटरच्या आसपास, जुन्या टू-स्ट्रोकला त्याहून जास्त. माझं ४० चं इंजिन तासाला १७ लिटर घेतं. पण तासाचा आकडा फसवतो. सागरी मैलाला किती, ते बघा. फुलला मी १७ नॉट (तासाला १७ सागरी मैल) जातो, म्हणजे मैलाला १ लिटर. थोडा थ्रॉटल ओढून १२ नॉटला तासाला १० लिटर, म्हणजे मैलाला पाऊण लिटरच्या थोडं वर. आणि इंजिन अर्धवट ताकदीचं असलं की होडी पाण्यावर बसत नाही, नाक वर करून ६ नॉटने नांगरत जाते. तेव्हा मला तासाला ९ लिटर लागायचे, म्हणजे मैलाला दीड लिटर. "पेट्रोल खूप खातंय" आणि "ताकद देत नाही" या माझ्या दोन तक्रारी मुळात एकच होत्या. हे मला वहीत लिहायला लागल्यावर कळलं.

इथेनॉलमुळे थोडा खप वाढतो हेही खरं, कारण लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते. पण मला त्याची मोठी काळजी पाण्यामुळे वाटते. पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून येऊ लागलं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळाभर टाकीत ठेवलेल्या पेट्रोलात पाणी पुरेसं गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि तळाला बसतात. नळी तळातूनच ओढते, आणि ऑइल वरच्या थरात राहतं. मे महिन्यात होडी वर ओढली की टाकी पूर्ण रिकामी करा, कार्ब्युरेटरच्या वाट्याही. पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा. दर सीझनला नळी आणि बल्ब नवे, इथेनॉल सोसणाऱ्या जातीचे, आणि नळीवर पांढऱ्या पेनने तारीख. जुनी नळी स्पेअर म्हणून पेटीत ठेवू नका, कारण गडबडीच्या दिवशी तीच हाताला लागते. माझी चिरलेली नळी मात्र शेडमध्ये खिळ्याला टांगलेली आहे. ज्याला बघायची असेल त्याने यावं.