पहिल्या हंगामाआधी: रग्बी लीगच्या नव्या क्लबसाठी तयारीची यादी

ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल रग्बी लीगमध्ये, म्हणजे एनआरएलमध्ये, २०२७ साली पर्थ बेअर्स हा अठरावा संघ उतरणार आहे आणि त्यापुढच्या वर्षी पापुआ न्यू गिनीचा एकोणिसावा. दोन्हीकडे जर्सीचे रंग, बोधचिन्ह आणि पहिल्या सामन्याचा थाट यांवर भरपूर बोललं जाईल. पण या गोष्टींची काळजी घ्यायला माणसं आपोआप मिळतात. यादी करायची ती जून-जुलैसाठी. तेव्हा उद्घाटनाचा गाजावाजा ओसरलेला असतो, चार खेळाडू जायबंदी असतात आणि थंडीतल्या एखाद्या रात्री परगावी सामना असतो. खाली दिलेली यादी मुख्यतः डॉल्फिन्स या क्लबच्या २०२३ च्या पहिल्या हंगामावरून केली आहे. जिथे दुसऱ्या कुणाचा अनुभव जास्त शिकवतो तिथे त्याला बोलावलं आहे.

सगळ्यात आधी पैसा बघा. तो किती आहे यापेक्षा कुठून येतो ते महत्त्वाचं. ब्रिस्बेनच्या उत्तरेला समुद्रकाठी असलेल्या रेडक्लिफचा क्लब, म्हणजे हेच डॉल्फिन्स, १९४७ पासूनचा. स्वतःचं मैदान, शेजारी लीग्स क्लब (सभासदांचं खाण्यापिण्याचं, करमणुकीचं ठिकाण), त्याची रोजची कमाई, दुकानांच्या जागा. सतराव्या संघाच्या परवान्यासाठी ब्रिस्बेन फायरहॉक्स आणि ब्रिस्बेन जेट्स हेही स्पर्धेत होते, पण रेडक्लिफचा ताळेबंद दाखवण्यासारखा होता आणि १३ ऑक्टोबर २०२१ ला परवाना त्यांना मिळाला. याउलट टोरांटो वुल्फपॅक. हा कॅनडातला संघ २०१७ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत उतरला, पहिल्याच हंगामात वर चढला आणि २०२० पर्यंत थेट सुपर लीग या तिथल्या सर्वोच्च श्रेणीत पोचला. सॉनी बिल विल्यम्ससारखं नाव करारबद्ध केलं. सगळा डोलारा मात्र एका मालकाच्या खिशावर उभा होता. कोविड आला, पगार थकले आणि जुलै २०२० मध्ये संघाने अर्ध्या हंगामातून अंग काढून घेतलं. म्हणून यादीतला पहिला प्रश्न असा असावा: मुख्य पैसेवाल्याने उद्या हात वर केले तर किती महिन्यांचे पगार देता येतील? याचं उत्तर कागदावर मिळेपर्यंत पुढच्या कलमाकडे जाऊ नये.

मग प्रशिक्षक. खेळाडूंच्या आधी. कारण नव्या क्लबकडे दाखवायला इतिहास नसतो, चषक नसतात, ड्रेसिंग रूमसुद्धा कधी कधी बांधून झालेली नसते. तीस वर्षांच्या प्रॉपला, म्हणजे पुढच्या फळीतल्या जड गड्याला, शहर बदलून या म्हणून सांगायचं तर सांगणाऱ्याच्या शब्दाला वजन लागतं. डॉल्फिन्सनी वेन बेनेट यांना आणलं. सात अजिंक्यपदं ही त्यांची एक बाजू. माझ्या मते दुसरी बाजू जास्त कामाची होती: १९८८ मध्ये ब्रिस्बेन ब्रॉन्कोज हा क्लब नवा कोरा असताना त्याचे पहिले प्रशिक्षकही तेच होते. शून्यातून संघ उभा करताना काय काय विसरलं जातं हे त्यांना ठाऊक होतं. शिवाय क्लबने वारसदारही आधीच ठरवून ठेवला. इंग्लंडच्या सेंट हेलेन्सला सलग तीन सुपर लीग जिंकून देणारे क्रिस्टियन वूल्फ पहिल्या हंगामापासून हाताखाली होते. म्हातारा प्रशिक्षक घेणार असाल तर हे दुसरं नाव त्याच आठवड्यात ठरवा. पर्थने मॅल मेनिंगा यांना नेमलं आहे, तेही साठी ओलांडलेले आहेत.

आता खेळाडू. इथे जरा थांबू या, कारण नव्या क्लबचं नशीब बहुतेक इथेच ठरतं. एनआरएलमध्ये मुख्य चमूत तीस खेळाडू लागतात आणि त्या सगळ्यांचे पगार सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे एकूण पगाराच्या ठरलेल्या मर्यादेत, बसवावे लागतात. नियम असा की ज्याचा करार पुढच्या हंगामाअखेर संपतो त्याच्याशी दुसरे क्लब १ नोव्हेंबरपासून बोलू शकतात. म्हणजे परवाना मिळाला तेव्हा डॉल्फिन्सच्या हातात पहिल्या दाराशी पोचायला तीन आठवडेसुद्धा नव्हते. नव्या क्लबला पहिली हौस असते ती मोठ्या नावाची. कॅलिन पोंगा आणि कॅमेरून मन्स्टर या दोघांचीही नावं डॉल्फिन्सशी महिनोन्महिने जोडली जात होती. पोंगा न्यूकॅसलमध्ये राहिला, मन्स्टर मेलबर्नमध्ये. वर्तमानपत्रांनी याला नामुष्की म्हटलं. मला तसं वाटत नाही. मोठा खेळाडू आपल्या जुन्या क्लबकडून जास्त रक्कम काढून घेण्यासाठी नव्या क्लबचं नाव वापरणारच, हे धरूनच चालायला हवं. यादीत लिहून ठेवायचं ते एवढंच की अशा पाठलागासाठी राखून ठेवलेले पैसे कोणत्या तारखेनंतर दुसरीकडे वळवायचे. ती तारीख नसेल तर चांगला दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडूही तोवर हातचा जातो.

बेनेट यांनी काय केलं, तर पुढची फळी विकत घेतली. मेलबर्न स्टॉर्ममधून जेसी ब्रॉमविच, त्याचा भाऊ केनी ब्रॉमविच आणि फेलिसे काउफुसी असे तिघे एकत्र आले. जेसी कर्णधार झाला. तिघेही तिशीचे, पण अजिंक्यपद जिंकणाऱ्या संघात सराव कसा होतो हे तिघांच्या अंगवळणी पडलेलं. रग्बी लीगमध्ये तेरा जण ऐंशी मिनिटं खेळतात, प्रत्येक संघाला सहा टॅकल मिळतात, म्हणजे सहा वेळा पाडलं जाईपर्यंत चेंडू त्यांच्याकडे राहतो, आणि पहिल्या दोन टॅकलमध्ये जड गडी किती मीटर पुढे नेतात यावर मागच्या चपळ पोरांचं सगळं अवलंबून असतं. तेव्हा आधी प्रॉप, हूकर, दुसरी रांग, हा क्रम योग्यच. त्यामागे दुसऱ्या क्लबांमध्ये मागे पडलेले किंवा जागा न मिळालेले खेळाडू घेतले. हॅमिसो ताबुआई-फिदो नॉर्थ क्वीन्सलँडमध्ये फुलबॅकची, म्हणजे सगळ्यात मागची, जागा पक्की करू शकला नव्हता; इथे तो त्या जागी बहरला आणि त्याच वर्षी स्टेट ऑफ ओरिजिन या दोन राज्यांमधल्या मालिकेत एका सामन्यात दोन ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवणं) करून गेला. विंगर जमेन इसाको तर २०२३ च्या अख्ख्या लीगमध्ये ट्राय आणि गुण दोन्ही याद्यांत पहिला आला. नव्या क्लबच्या शोधपथकाला मी हाच एक निकष देईन: कोण चांगला आहे हे सगळ्यांना दिसतं, कोण चांगला असूनही चुकीच्या ठिकाणी बसलाय ते शोधा.

तयार खेळाडू अचानक बाजारात येण्याची संधी मिळाली तर ती मात्र सोडू नका. मेलबर्न स्टॉर्म १९९८ मध्ये उतरला तेव्हा सुपर लीग नावाच्याच ऑस्ट्रेलियातल्या प्रतिस्पर्धी स्पर्धेच्या भांडणात पर्थचा वेस्टर्न रेड्स आणि न्यूकॅसलचा हंटर मरिनर्स हे दोन क्लब नुकतेच बंद पडले होते. रॉबी कर्न्स, रॉडनी हाउ, ब्रेट किमॉर्ली, स्कॉट हिल अशी एकमेकांना ओळखणारी मुलं गठ्ठ्याने मिळाली, वर ग्लेन लाझारससारखा मुरलेला कर्णधार. दुसऱ्याच वर्षी ते अजिंक्य झाले. असं नशीब दरवेळी नसतं. कुणी स्टॉर्मचं उदाहरण देऊन संचालकांकडून अजिंक्यपदाचं आश्वासन मागू लागलं तर त्याला हा बंद क्लबांचा तपशील सांगावा.

हाफबॅकच्या जागेला यादीत वेगळं पान द्या. सामना चालवणारा हा माणूस जायबंदी झाला तर कोण, आणि तोही झाला तर कोण? डॉल्फिन्सकडे शॉन ओ'सलिव्हन, अँथनी मिल्फर्ड आणि एकोणीस वर्षांचा इसाया काटोआ होते. वर्षभरात तिघांचीही गरज पडली. काटोआने पहिल्याच सामन्यात पदार्पण केलं, त्याला हळूहळू पुढे आणण्याची चैन क्लबला परवडली नाही. तिसरा हाफबॅक घेताना खजिनदार कुरकुरतो. त्याला कुरकुरू द्या.

पहिल्या चार आठवड्यांबद्दल फार लिहायला नको, ते बहुतेक चांगले जातात. ५ मार्च २०२३ ला ब्रिस्बेनच्या सनकॉर्प स्टेडियमवर ३२,१७७ लोकांसमोर डॉल्फिन्सनी सिडनी रूस्टर्सना २८-१८ हरवलं. मग रेडक्लिफमध्ये कॅनबेराला, मग न्यूकॅसलमध्ये जाऊन नाइट्सना. चौथ्या आठवड्यात ब्रॉन्कोजविरुद्धच्या पहिल्या ब्रिस्बेन डर्बीला ५१ हजारांवर माणूस आलं आणि १८-१२ अशी पहिली हार मिळाली. एप्रिलमध्ये गोल्ड कोस्ट टायटन्सविरुद्ध ०-२६ वरून २८-२६ असा विजय खेचून आणला. एवढं वाचून कुणालाही वाटेल की हा संघ पहिल्या आठांत, म्हणजे बाद फेरीत, गेला असणार. प्रत्यक्षात चोवीस सामन्यांत नऊ विजय आणि तेरावा क्रमांक. नऊपैकी तीन विजय तर पहिल्या तीन आठवड्यांतच मिळालेले!

मधल्या काळात काय होतं ते आधीच माहीत असतं, म्हणून त्याची तयारी करता येते. मेअखेरपासून जुलैपर्यंत क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स यांच्यात स्टेट ऑफ ओरिजिनचे तीन सामने होतात. तुमचे सगळ्यात चांगले खेळाडू तिकडे जातात आणि दमून, कधी मोडून परत येतात. टॉम गिल्बर्टचा खांदा ३१ मे २०२३ ला ओरिजिनच्या पहिल्याच सामन्यात निखळला आणि त्याचा हंगाम संपला. वर निलंबनं असतात. काउफुसीसारखा आक्रमक गडी घेतला की शिस्तपालन समितीच्या फेऱ्याही हिशेबात धराव्या लागतात. त्या वर्षी सतरा संघ असल्याने दर फेरीला कुणी ना कुणी मोकळं असायचं. प्रत्येकाला तीन बाय, आणि प्रत्येक बायचे दोन गुण फुकट. तेव्हा वेळापत्रक हाती आल्या दिवशी बायच्या तारखा, ओरिजिनच्या तारखा आणि पाच दिवसांच्या अंतराने येणारे सामने एकाच भिंतीवर लावा. कोणत्या आठवड्यात कुणाला मुद्दाम बसवायचं हे फेब्रुवारीतच ठरवा. दुय्यम संघाशी बोलणीही तेव्हाच पक्की हवीत. डॉल्फिन्सच्या खाली क्वीन्सलँड कपमध्ये रेडक्लिफ आणि सेंट्रल क्वीन्सलँड कॅप्रास असे दोन क्लब होते. तिथला तेविसाव्या-चोविसाव्या क्रमांकाचा खेळाडू दर आठवड्याला खरा सामना खेळत असेल तरच जूनमध्ये हाकेला उपयोगी पडतो. नुसता जिममध्ये राहिलेला नाही पडत.

मैदानाचा प्रश्न भावनेचा आहे आणि गल्ल्याचाही. रेडक्लिफचं घरचं मैदान दहा-अकरा हजारांचं, सनकॉर्प साडेबावन्न हजारांचं. क्लबने बहुतेक सामने मोठ्या मैदानावर ठेवले, काही मोजके घरी. जुन्या सभासदांना रुखरुख लागणारच, पण मोजके का होईना, घरी खेळा. नावातही क्लबने अशीच कसरत केली: गावाचं नाव गाळून नुसतं ‘डॉल्फिन्स’. सगळ्या ब्रिस्बेनला आपलं वाटावं हा हेतू. मला ते अजूनही अपुरं वाटतं, गावाचं नाव नसलेला संघ हाकेला जड जातो. रेडक्लिफच्या लोकांनी ‘फिन्स अप’ म्हणत डोक्यावर डॉल्फिनच्या पाठीवरच्या परासारखा हात धरून ती उणीव बरीच भरून काढली, हे कबूल.

प्रवासाचा खर्च कुणाच्या नावावर पडणार हे करारात शोधा. पर्थला हा धडा फुकटात उपलब्ध आहे. १९९५ मध्ये वेस्टर्न रेड्सना प्रवेश देताना पाहुण्या संघांचा विमानप्रवास आणि मुक्काम त्यांच्याच माथी मारला गेला, आणि तीन हंगामांत क्लब कर्जाखाली गेला. वीस वर्षांनी वुल्फपॅकनेही पाहुण्यांचा खर्च उचलण्याचीच अट मान्य केली होती. सिडनी ते पर्थ हे अंतर तीन हजार किलोमीटरच्या वर आहे, आणि पर्थचा संघ तर एक आड एक आठवडा तेवढं उडणार. झोप, सूज, सरावाचे दिवस हे सगळं त्या विमानाभोवती बांधावं लागेल. पापुआ न्यू गिनीच्या राजधानीचं, पोर्ट मोर्सबीचं, गणित आणखी वेगळं: तिथे ऑस्ट्रेलिया सरकारचे दहा वर्षांत सहाशे दशलक्ष डॉलर मागे आहेत, खेळ देशाच्या नसानसांत आहे, पण खेळाडूंच्या बायकामुलांनी राहायचं कुठे आणि शाळा कोणती, याचं उत्तर देणारा माणूस शोधपथकाइतकाच आधी नेमायला हवा.

कागदपत्रं थोडक्यात: व्हिसा, वैद्यकीय तपासण्या, विमा, प्रवासाचे नियम. कंटाळवाणं काम, पण तुलूझ या फ्रेंच क्लबला विचारा. २०२२ मध्ये सुपर लीगमध्ये पहिल्यांदा उतरताना लसीकरणाच्या प्रश्नावरून जोनाथन फोर्ड आणि मार्क खेरल्लाह हे दोन आधारस्तंभ ऐन तोंडावर क्लब सोडून गेले. त्याच वर्षी संघ खाली उतरला.

शेवटी लोकांना काय सांगायचं ते ठरवा. फ्रान्सच्याच कॅटलान्स ड्रॅगन्सनी २००६ मध्ये पर्पिन्याँला पहिलाच सुपर लीग सामना विगानविरुद्ध जिंकला आणि हंगाम संपला तेव्हा ते तळाला होते. खाली न ढकलण्याची हमी त्यांनी आधीच मिळवून ठेवली होती, म्हणून प्रवास थांबला नाही. पुढच्याच वर्षी ते चॅलेंज कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी वेम्बलीवर होते. एनआरएलमध्ये पदावनती नाहीच, त्यामुळे तेराव्या क्रमांकाची लाज धरायचं कारण नाही. ‘पहिल्या आठांत येऊ’ असं डिसेंबरमध्ये बोलून बसू नये एवढंच. आणि सप्टेंबरचा शेवटचा सामना झाला की सुट्टीवर जाण्याआधी एक काम उरतं. ज्यांना तुम्ही दोनच वर्षांसाठी घेतलं होतं त्यांच्याशी येत्या १ नोव्हेंबरपासून बाकीचे क्लब बोलू शकतात. त्यांतले कोण हवेत आणि किती रकमेला, हे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या एजंटांना कळवून टाका.